डुकरांचा मुकादम एल्ब्रिज

आमच्या डनफर्ड गावाचा वार्षिक अहवाल दर मार्चला छापून घरोघर जातो. रस्त्यांवर वाळू किती टाकली, कुत्र्यांचे परवाने किती दिले, कोण जन्मलं, कोण गेलं, सगळं त्यात असतं. पहिल्या पानावर गावातल्याच एखाद्या माणसाचा फोटो असतो आणि खाली दहा ओळी, की यंदाचा अहवाल अमक्याला अर्पण. यंदा फोटो एल्ब्रिज व्हार्नीचा आहे. गेल्या नोव्हेंबरात तो गेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन. पंच मला म्हणाले, "ॲडी, सत्तावीस वर्षं तू गावाची कारकून होतीस. दहा ओळी तूच लिही." लिहिल्या. जन्म, लढाई, लग्न, दगडी भिंती. छापून आल्यावर वाचल्या आणि माझी मलाच लाज वाटली. त्या ओळी गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला चालल्या असत्या. म्हणून आता सविस्तर लिहिते. कोणाला लांबण वाटली तर त्यानं खुशाल कुत्र्यांच्या परवान्यांची यादी वाचावी.

एल्ब्रिजचा धंदा दगडाचा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवून शेताभोवती भिंत उभी करायची. एक दगड उचलायचा, फिरवायचा, परत खाली ठेवायचा, दुसरा घ्यायचा. बघणाऱ्याला वाटावं, हा आज तरी काही करणार नाही. संध्याकाळी बघावं तर दहा हात भिंत उभी, आणि ती पुढं पन्नास हिवाळे हलायची नाही. बोलणं त्याहून सावकाश. त्याच्या दोन शब्दांमधल्या फटीत गाय चरून परत येईल, असं आम्ही म्हणायचो. शाळा सहावीपर्यंत. त्याला शिकवणाऱ्या डो बाई सांगायच्या, "एल्ब्रिजला प्रश्न सोमवारी विचारावा आणि उत्तर शुक्रवारी घ्यावं. पण उत्तर बरोबर असतं." यातलं पहिलं वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. दुसरं कोणी लक्षात ठेवलं नाही.

पंचावन्नाव्या वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, या माणसानं लग्न केलं. बायको ब्लांश, शाळेच्या स्वयंपाकघरातली. तिचे आजी-आजोबा क्वेबेकहून गिरणीत कामाला आलेले, त्यामुळे रागावली की ती फ्रेंचमध्ये रागवायची, आणि ती रोज रागवायची. विधवा बाई, तोंड म्हणजे फटाक्यांची माळ. मी तिला विचारलं, "ब्लांश, या दगडात काय पाहिलंस?"

"ऐकतो गं तो," ती म्हणाली. "माझा पहिला नवरा अठरा वर्षं बोलत होता."

आता गावाची एक जुनी खोड सांगायला हवी. पूर्वी आमच्याकडे डुकरं मोकाट फिरायची, लोकांची मक्याची शेतं उकरायची. तेव्हा गाव एक माणूस निवडायचं. त्यानं मोकाट डुकरं धरायची, दगडी कोंडवाड्यात घालायची, आणि मालकानं नुकसान भरून वहीत सही केल्याशिवाय सोडायची नाहीत. हा डुकरांचा मुकादम. पुढं डुकरं खुराड्यात गेली, कोंडवाड्यात लायलॅकची झुडपं वाढली, पण पदांच्या यादीतून हे नाव काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. मग त्याची गंमत झाली. मार्चच्या गावसभेत, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, वर्षात सगळ्यांत शेवटी ज्याचं लग्न झालं असेल त्याच्या गळ्यात हे पद मारायचं. तो लाल व्हायचा, त्याची बायको तोंड लपवायची, सभागृह हसायचं, आणि त्याच हसण्यात लोक बीन्सच्या जेवणाच्या रांगेला लागायचे. पुढच्या मार्चपर्यंत ते पद कोणाला आठवायचंही नाही.

१९७६ सालच्या मार्चमध्ये शेवटचा नवरदेव निघाला एल्ब्रिज.

त्या सभेत सकाळपासूनच सगळे खुशीत होते. देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पुरी होणार होती, गावात जो तो टपालपेटीलासुद्धा झेंड्याचा लाल-पांढरा-निळा रंग देत होता. मुख्य पंच म्हणून रॉइस टिबेट्सची निवड झाली तीही हसतहसतच. समोर कोणी उभंच नव्हतं, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "दुसरा कोणी एवढा रिकामा नाही म्हणून हाच!" रॉइस मोठा सफरचंदांच्या बागांचा मालक, गडगडाटी आवाजाचा, मनानं वाईट नाही, पण आपला विनोद सगळ्यांना ऐकू गेलाय की नाही हे वळून बघणारा. मुकादमाचा विषय आला तेव्हा तोच उठला. "सभापती साहेब, मी एल्ब्रिज व्हार्नीचं नाव सुचवतो. डुकरं आपल्या गावात सगळ्यांत हळू चालतात, त्यांना जोडीचा माणूस हवा."

छप्पर उडेल एवढं हसणं झालं. सभापती पीझली एरवी म्हशीसारखे गंभीर, त्यांनाही हातोडा सापडेना. मी कारकून, सभेचा वृत्तान्त लिहिणारी, माझी कॉफी नाकातून आली. सगळ्यांनी एका आवाजात "हो!" म्हटलं. मी लिहिलं: डुकरांचा मुकादम, एल्ब्रिज व्हार्नी, एकमतानं. आणि पुढं कंसात एक शब्द: हशा.

एल्ब्रिज तिसऱ्या रांगेत होता. तो लाल झाला नाही. मान हलवली आणि टोपी हातात फिरवत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात तो हजर. माझं कार्यालय म्हणजे माझ्याच घरातली पुढची खोली. अंगात लग्नातला कोट. मी डोनट खात होते.

"शपथ घ्यायला आलोय," तो म्हणाला.

"अरे, या पदाची कोणी शपथ घेत नाही."

"रॉइसनं घेतली?"

"तो पंच आहे, एल्ब्रिज."

त्यानं खिशातून सभेचं पत्रक काढलं, उलगडलं, माझ्यासमोर ठेवलं. "दोन्ही पदं एकाच पानावर आहेत."

आता याला काय म्हणायचं? मी शपथेचं पुस्तक काढलं आणि एका हातात डोनट धरूनच वाचायला लागले. देशाशी आणि राज्याशी एकनिष्ठ राहीन, त्यांची घटना पाळीन... एल्ब्रिजनं उजवा हात वर केला होता तो खाली घेतला.

"डोनट संपव," तो म्हणाला. "मग सांग."

मी निमूटपणे संपवला. मग त्यानं एकेक शब्द माझ्या मागून म्हटला, की डुकरांचा मुकादम म्हणून माझ्याकडे आलेली सगळी कामं मी कोणाची बाजू न घेता, माझ्या कुवतीप्रमाणे पार पाडीन. सही केली. मग विचारलं, "काम काय असतं ते कुठं लिहिलंय?" मला वाटलं, आता गंमत जिरेल. मी कायद्याचा विटेएवढा ग्रंथ त्याच्या हातात दिला. आठ दिवसांनी त्यानं तो परत आणला, तीन पानांत कागदाचे कपटे घालून.

एप्रिलमध्ये बर्फ वितळून रस्ते चिखलाचे झाले तेव्हा एल्ब्रिज कोंडवाड्यात काम करताना दिसायला लागला. झुडपं तोडली, पडलेली भिंत रचली, फाटकाला कडी बसवली. मग एक वही घेऊन घरोघर. गावात डुकरं एकूण नऊ, घरं सात. प्रत्येकाचं कुंपण त्यानं हातानं हलवून पाहिलं. लोकांना तेवढंच निमित्त. "आले हो मुकादम आले! उठून उभी राहा गं डुकरांनो!" एल्ब्रिज हसायचा, वहीत लिहायचा, पुढच्या घरी जायचा. रॉइसकडे डचेस नावाची डुकरीण होती, जत्रेत तीनदा बक्षीस मिळवलेली, सोफ्याएवढी. तिच्या खुराड्याची मागची फळी सुटलेली होती. एल्ब्रिजनं ते सांगितलं. रॉइस म्हणाला, "माझी डचेस घरंदाज आहे. ती कुठं जात नाही." एल्ब्रिजनं तेही लिहून घेतलं.

मी त्याला एकदा म्हटलं, "इतकं कशाला रे मनावर घेतोस?"

तो विचार करत राहिला. मी तेवढ्यात दोन कुत्र्यांचे परवाने लिहून हातावेगळे केले.

"हात वर केला होता ना मी," तो म्हणाला.

जुलैची चार तारीख, स्वातंत्र्याचा दिवस उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी जेवायला सालमन मासा आणि कोवळे वाटाणे हवेतच, आणि चार जुलैपर्यंत कोणाचे वाटाणे भरतात यावर गावात वर्षभराची इज्जत ठरते. पस्तीस वर्षं पहिला मान डो बाईंचा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई मार्चच्या बर्फात खड्डे करून बी टोचायच्या. त्या दिवशी सकाळी आठला त्यांनी दार उघडलं तर वाटाण्याच्या चारही रांगा भुईसपाट, आणि मधोमध डचेस, डोळे मिटून शेंगा खात पहुडलेली.

दहा वाजता चौकात सगळं गाव जमलेलं. बँड वाजून झाला. रॉइस बँडच्या मांडवात उभा, डोक्यावर कोणाकडून तरी मागून आणलेली तीन टोकांची जुन्या काळची टोपी, हातात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची गुंडाळी. आवाज त्याचा चांगलाच. सगळी माणसं जन्मतः समान आहेत, हे सत्य सांगावं लागत नाही, इथपर्यंत तो आला आणि लोकांच्या माना वळल्या. रस्त्यावरून एल्ब्रिज येत होता, हातात बादली. बादलीमागं डचेस, तोंडाला हिरवा फेस. तिच्यामागं डो बाई, मुळासकट उपटलेला वाटाण्याचा वेल निशाणासारखा उंच धरून.

रॉइसचं वाचन थांबलं. "एल्ब्रिज! ती माझी डुकरीण आहे!"

"माहीत आहे. तिच्या कानाला बिल्ला आहे."

"कुठं चालवलीस तिला?"

"कोंडवाड्यात."

"आज? अरे, आज कुठला दिवस आहे?"

"तिनं आजच खाल्ले, रॉइस."

लोक हसायला लागले. एल्ब्रिजनं त्यांच्याकडे पाहिलं, मग रॉइसच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. बादली खाली ठेवली आणि टोपी काढली. "तू पुरं कर," तो म्हणाला. "ते वाचत असताना कोणी मधून जाऊ नये. आम्ही थांबतो."

आणि थांबला. टोपी छातीशी धरून, उन्हात. डचेसही बसली. रॉइसला उरलेला सगळा जाहीरनामा, राजानं कायदे कसे धाब्यावर बसवले त्याच्या लांबलचक यादीसकट, आपल्याच डुकरिणीच्या डोळ्याला डोळा भिडवून वाचावा लागला. दर तक्रारीला डो बाई "अगदी बरोबर!" म्हणत होत्या. वाचून झाल्यावर एल्ब्रिजनं टोपी घातली, बादली उचलली आणि मिरवणूक पुढं गेली. इतकं लक्ष देऊन तो जाहीरनामा गावानं त्याआधी कधी ऐकला नव्हता.

रॉइसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी त्या वहीत सही करणार नाही म्हणजे नाही!" तीन दिवस डचेस कोंडवाड्यात. एल्ब्रिज तिला दोन वेळ खायला घालायचा आणि अख्खं गाव सफरचंदं घेऊन तिला भेटायला जायचं. चौथ्या दिवशी रॉइस आला, सही केली, आणि नुकसानभरपाई म्हणून बाजारातून आणलेली वाटाण्याची टोपली डो बाईंपुढं ठेवली.

"बाजारातले वाटाणे?" बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा मी उपाशी राहीन. मला कुंपण घालून दे. स्वतःच्या हातानं."

मुख्य पंच दोन दिवस खांब ठोकत होता. एल्ब्रिजनं येऊन प्रत्येक खांब हलवून पाहिला आणि दोन पुन्हा ठोकायला लावले.

यापुढं रॉइस फक्त संधीची वाट बघत होता, आणि ती सप्टेंबरात चालून आली. ब्लांशनं पाळलेलं डुक्कर खुराड्यातून निसटलं आणि थेट रॉइसच्या बागेत. रॉइसनं ते दोरीला बांधलं आणि वाजतगाजत एल्ब्रिजच्या दारात नेलं. वाटेत भेटेल त्याला सोबत घेतलं, त्यात मीही होते, मी कशाला खोटं बोलू? आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता हा काय करतो ते बघायचं होतं.

"मुकादम!" रॉइस ओरडला. "हे डुक्कर कोणाचं?"

"आमचं," एल्ब्रिज म्हणाला. दोरी घेतली आणि कोंडवाड्याच्या रस्त्याला लागला. रॉइसनं पाठ केलेलं भाषण त्याच्या तोंडातच राहिलं.

ब्लांश मात्र धावत आली, हाताला पीठ तसंच. "एल्ब्रिज व्हार्नी! अरे, घर तुझं, डुक्कर तुझं, बायको तुझी! खुराड्यात परत घाल ना गुपचूप!"

"सही कर, मग घालतो."

"मी सही करू? तूच मालक ना?"

"वहीत तुझं नाव आहे. तू म्हणाली होतीस डुक्कर माझं, खबरदार हात लावलास तर."

मग जे फ्रेंच झालं ते कोणाला समजलं नाही, पण सगळ्यांना कळलं. दोन दिवस तिनं सही केली नाही, आणि दोन दिवस एल्ब्रिजनं शिळा पाव खाल्ला. तिसऱ्या दिवशी तिनं कागद फाटेल एवढ्या जोरात सही केली आणि रॉइसच्या बागेतली पडलेली सफरचंदं सगळी वेचून दिली.

रॉइसला वाटलं होतं लोक एल्ब्रिजला हसतील. लोक हसले, पण रॉइसला. तेव्हा त्यानं ठरवलं, की हे पदच नको. गावसभेपुढं विषय आणायला पंचवीस मतदारांच्या सह्या लागतात. जानेवारीत त्यानं अर्ज माझ्याकडे आणून दिला: डुकरांच्या मुकादमाचं पद रद्द करण्यात यावं. मी एकेक सही मतदारांच्या यादीशी ताडून बघत होते. सतराव्या सहीशी थबकले. ब्लांश व्हार्नी.

हे कसं सांगावं मला समजेना, पण एल्ब्रिजला मी सांगितलं. अर्ज जाहीर असतो, कधीतरी त्याच्या कानावर जाणारच होतं.

"तिचं मत तिचं," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "घरात मी तिला विचारून वागतो. गावाच्या कामात नाही."

पण जाताना फाटकाशी थांबला आणि कोंडवाड्याच्या दिशेनं बघत राहिला. त्याच्या पाठीकडे बघून मला पहिल्यांदा कळलं, की हे पद त्याला हवंय. आयुष्यात गावानं या माणसाला एकच गोष्ट दिली होती आणि ती थट्टा म्हणून दिली होती. आणि देताना सगळ्यांत मोठ्यानं हसणारी मी होते.

१९७७ चा मार्च. सभागृह भरलेलं, स्टोव्हजवळ ओल्या बुटांचा वास, स्वयंपाकघरातून बीन्सचा. गावात कोणीही कोणाच्याही विरुद्ध बोलू शकतो, फक्त सभापतींकडे बघून बोलायचं, समोरच्याकडे नाही, म्हणजे डोकी शाबूत राहतात. रॉइस उठला. मला मान्य करायला हवं, तो चांगला बोलला.

"सभापती साहेब, एल्ब्रिज चांगला माणूस आहे, त्याबद्दल वाद नाही. पण खरं बोलू या. ही गंमत होती. गेल्या वर्षी मीच नाव सुचवलं, गंमत म्हणून. या सभागृहात एकानं तरी मनापासून हो म्हटलं होतं का? असेल तर त्यानं हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही. करणार कसा? खरंच होतं ते. डो बाईसुद्धा आपल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. मी कागदाकडे बघत होते.

मग तिसऱ्या रांगेत खुर्ची करकरली. चाळीस वर्षांत एल्ब्रिज व्हार्नी गावसभेत एकदाही बोलला नव्हता. तो उभा राहिला आणि थांबला. पीझली म्हणाले, "बोल, एल्ब्रिज. इथे कोणाला घाई नाही."

"सभापती साहेब," तो म्हणाला, "मला माहीत होतं."

पुन्हा थांबला. 

"ती गंमत होती हे मला माहीत होतं. मी हळू आहे, बहिरा नाही. पण गावानं हो म्हटलं. मी घरी जाऊन विचार केला. मनापासून हो म्हटलेलं धरायचं आणि हसत हो म्हटलेलं सोडायचं, तर कोणतं कोणतं ते कोणी ठरवायचं? रॉइसला निवडलं तेव्हाही तुम्ही हसलाच होतात."

त्यावर एक हसण्याची लाट आली आणि रॉइसच्याच मिशीखाली येऊन थांबली. एल्ब्रिज ती जाईपर्यंत उभा राहिला.

"ॲडीच्या पुस्तकातली शपथ मी दोनदा वाचली. त्यात गंमत कुठं नाही. राजधानीत घेतात तीच आहे, फक्त डुकरं जास्त." त्यानं वही वर धरली. "आज तुम्हाला पद नको असेल तर वही मी सोबत आणली आहे, ठेवून जातो. तुमचं गाव आहे, तुम्ही म्हणाल ते. मी स्वतः मत देणार नाही, माझ्याच खुर्चीचा प्रश्न आहे. एकच मागणं आहे. काय सांगायचं ते या वेळी न हसता सांगा."

आणि बसला. वही त्यानं मांडीवर ठेवली, दोन्ही हात तिच्यावर.

पीझलींनी घसा खाकरला. "पद रद्द करावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हो म्हणावं."

रॉइसनं म्हटलं, त्याच्याकडे काम करणाऱ्या दोघांनी म्हटलं, आणि तिसऱ्या रांगेतून ब्लांशचा आवाज आला, खणखणीत, "हो!" एल्ब्रिज शेजारी ढिम्म.

"ज्यांना नको वाटतं त्यांनी नाही म्हणावं."

ते 'नाही' अजून माझ्या कानात आहे. मोठं नव्हतं. ओरडून कोणी म्हटलं नाही. चर्चमध्ये म्हणतात तसं सगळ्यांनी एकदम म्हटलं, आणि त्या सह्या करणाऱ्या पंचविसांतलेही बरेच त्यात होते, मी ओठ बघत होते. पीझली म्हणाले, "पद राहिलं," आणि हातोडा आपटायचा विसरले.

मग पदांची निवड. "डुकरांचा मुकादम. नावं सुचवा." एरवी इथं सगळे मागं वळून नव्या नवरदेवाला शोधतात. त्या वर्षीचा नवरदेव तयारीनं लाल होऊन बसलाही होता. कोणी वळलं नाही. ब्लांश उठली.

"एल्ब्रिज व्हार्नी," ती म्हणाली. "मला हे पद नको होतं आणि मी तसं सांगितलंय. पण पद राहिलंच आहे, तर त्यावर दुसरा कोणी बसलेला मी चालवून घेणार नाही."

"अनुमोदन?"

 मग रॉइसनं एक बोट वर केलं. "मीच देतो," तो पुटपुटला. "दुसरा आला तर माझे खांब पुन्हा सगळे हलवून बघेल."

"सर्वांनी?"

"हो."

सभागृहानं एवढाच शब्द उच्चारला. माझी लेखणी सवयीनं पुढं गेली होती, कंस उघडून बसली होती. मी वाट बघितली. हशा आलाच नाही.

एल्ब्रिज सरळ माझ्या टेबलाशी आला. "आत्ताच घेतो." माझ्या हातात डोनट होता, अर्धा. मी तो खाली ठेवला, हात पुसले आणि उभी राहिले. गेल्या वर्षी बसून वाचलं होतं. देश, राज्य, घटना, सगळं सावकाश वाचलं. डुकरांचा मुकादम हे शब्दही तितक्याच सावकाश, न हसता.

लोक बीन्सच्या रांगेला लागले तेव्हा मी गेल्या वर्षीचं पान उघडलं आणि त्याला दाखवलं. "हा शब्द मी खोडून टाकते, एल्ब्रिज."

त्यानं वाकून वाचलं. मग आपलं जाडजूड बोट त्या शब्दावर ठेवलं, मला लेखणी टेकवता येऊ नये असं.

"हसला होतात ना?"

"हो. सगळ्यांत जास्त मीच."

"मग राहू दे. झालं ते लिहायचं असतं." त्यानं यंदाच्या पानावर नजर टाकली. "यंदाचा कंस तेवढा बंद कर. उघडाच राहिलाय."

मी बंद केला. त्यानंतर एकवीस वर्षं एल्ब्रिज त्या पदावर निवडून येत राहिला. यंदा नवीन कारकून मुलगी जुनी पानं चाळताना मला विचारत होती, की १९७७ सालच्या मुकादमाच्या नावापुढं नुसता रिकामा कंस कसा, काही लिहायचं राहून गेलं का? मी तिला म्हटलं, नाही गं, ते बरोबर आहे.